इंग्रजीतलं 'पुट ऑफ' कसं वापरावं

पावसाळ्यात रुळांवर पाणी साचून लोकल रखडल्या, की ऐरोली-महापेच्या ऑफिसांत हमखास निरोप येतो: आजची मीटिंग पुढे ढकलली. 'पोस्टपोन' चालतंच, पण रोजच्या बोलण्यात 'पुट ऑफ' जास्त मोकळं वाटतं.

आधी 'कॉल ऑफ' बाजूला काढा. मीटिंग 'कॉल ऑफ' झाली म्हणजे रद्द. 'पुट ऑफ' झाली म्हणजे होणार, पण नंतर. दोन्हींत गल्लत केलीत तर क्लायंट तुमची वेळ दुसऱ्याला देऊन मोकळा होईल. म्हणून नवी वेळ लगेच जोडा: 'वी हॅव पुट ऑफ द मीटिंग टिल मंडे.' भूतकाळातही 'पुट'च राहतं, 'पुटेड' नाही.

खरी अडचण शब्दांच्या जागेची. नाम असेल तर 'पुट ऑफ द इंटरव्ह्यू' आणि 'पुट द इंटरव्ह्यू ऑफ' दोन्ही बरोबर. पण 'इट' किंवा 'देम' आलं की ते मध्येच बसतं: 'लेट्स पुट इट ऑफ.' 'पुट ऑफ इट' कधीच नाही. हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा आणि जोर 'ऑफ'वर द्या. कानाला सवय झाली की नियम आठवावा लागत नाही. नाम लांबलचक असेल, समजा 'द मीटिंग विथ द सप्लायर फ्रॉम वागळे इस्टेट', तर ते मध्ये कोंबू नका, शेवटी ठेवा.

पुढे क्रियापद आलं तर त्याला 'इंग' लावा: 'शी कीप्स पुटिंग ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट.' इथे 'टू गो' चूक.

आणखी एक अर्थ आहे, मन उडण्याचा. 'द ट्रॅफिक ऑन घोडबंदर रोड पुट देम ऑफ बायिंग अ फ्लॅट देअर', म्हणजे तिथला ट्रॅफिक बघून त्यांनी फ्लॅट घ्यायचा विचारच सोडला. ह्या अर्थाने माणूस बहुतेक वेळा मध्येच येतो. मला हा वापर फार आवडतो, कारण एवढ्याशा दोन शब्दांत कारण आणि परिणाम दोन्ही येतात.

आपल्याकडे 'पुट ऑफ द फॅन' सर्रास ऐकू येतं. परदेशी माणसाशी बोलताना त्याऐवजी 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ' म्हणा, आणि चपला काढायच्या असतील तर 'टेक ऑफ'.

सरावासाठी ठाणे-वाशी लोकलमध्ये बसल्या बसल्या स्वतःची रेंगाळलेली तीन कामं आठवा: गॅसची केवायसी, दातांची तपासणी, गावचा फोन. प्रत्येकाचं एक वाक्य नाम घालून म्हणा, एक 'इट' घालून.