या चुका टाळा: सेक्शन शेवटी काढणाऱ्या नव्या आर्किटेक्टांसाठी

शीटवर प्लॅन देखणा असतो. सोफे लावलेले, झाडं रंगवलेली, फरशीचे सांधेसुद्धा काढलेले. सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, मात्र ज्युरीच्या (परीक्षकांसमोर मांडणी) आदल्या रात्री, जिथून कापायला सोपा तिथून कापलेला. जिना चुकवला, संडास चुकवला, रस्त्याची लेव्हल तर दाखवलीच नाही. पुढे हीच मुलं स्वतःची कामं घेतात आणि सवय तशीच सोबत येते. कॉलेजात त्यापायी गुण जायचे, साइटवर घरमालकाची आयुष्यभराची जमा जाते. सोलापुरातल्या नव्या आर्किटेक्टांच्या कामात वारंवार दिसणाऱ्या चुका इथे लिहितो आहे. पहिलीवर जास्त लिहिणार आहे, कारण बाकीच्या निम्म्या तिच्यातूनच निघतात.

जिन्याखालचा संडास

प्लॅनमध्ये ही जागा फुकटात मिळाल्यासारखी वाटते. डॉगलेग (मध्यावर उलट वळणाऱ्या) जिन्याचं लँडिंग, म्हणजे वळणावरचा सपाट भाग, त्याखाली १.२ बाय १.५ मीटरचा चौकोन, त्यात भांडं टाकलं की तळमजल्याचा संडास झाला. आता आकडे मांडा. मजल्याची उंची ३१५० मिमी, १७५ चे १८ रायझर (पायरीची उभी उंची), लँडिंग बरोबर मध्यावर म्हणजे १५७५ वर. त्यातून १५० चा स्लॅब वजा करा. खाली १४२५ मिमी उरतात. माणसाला उभं राहायला किमान २१०० तरी हवेत. कमी पडतात ६७५.

हद्दवाढ भागातल्या एका बंगल्यात हे कळलं ते जिन्याचं सेंटरिंग (काँक्रीटचा तात्पुरता साचा) लागल्यावर, गवंडी लँडिंगखाली वाकून उभा राहिला तेव्हा. प्लॅन मंजूर होता, स्टील बांधून झालं होतं, म्हणून झटपट उपाय निघाला: संडासाची फरशी ६७५ खाली घ्यायची आणि चार पायऱ्या उतरून जायचं. जोतं रस्त्यापासून ४५० वर होतं, म्हणजे फरशी रस्त्याच्या २२५ खाली गेली. भांड्याचा आउटलेट आणि ट्रॅप (वास अडवणारं पाण्याचं वळण) धरून आणखी ३००. तिथून रस्त्यावरच्या ड्रेनेजच्या चेंबरपर्यंत १२ मीटर पाइप. ११० मिमीच्या पाइपला साठास एक ढाळ द्यायचा तर २०० मिमी लागतात. म्हणजे पाइप चेंबरात रस्त्याखाली ७२५ वर पोचायला हवा. चेंबरचा तळ होता ६०० वर.

प्लंबरने जेवढं उरलं तेवढ्यात भागवलं. १२ मीटरला जेमतेम ७५ मिमी ढाळ. रोजच्या वापरात घाण अडकू लागली, आणि पहिल्या मोठ्या पावसात रस्त्याचं चेंबर भरल्यावर पाणी उलटं घरात आलं, कारण फरशी रस्त्यापेक्षा खाली होती. पाणी आपली पातळी शोधणारच. शेवटी पाइपचं तोंड बंद करून तिथे अडगळीची खोली केली. ज्या म्हाताऱ्या आईच्या गुडघ्यांसाठी तळमजल्यावर संडास मागितला होता, ती आता वरच्या मजल्यावर जाते.

हे टाळायला ज्ञान फार लागत नाही. दोन्ही फ्लाइट (जिन्याचे सलग टप्पे) सारख्या ठेवण्याचा हट्ट सोडा. पहिल्या फ्लाइटमध्ये १३ रायझर घेतले तर लँडिंग २२७५ वर जातं, स्लॅब वजा जाता २१२५ उरतात, गिलावा धरूनही चालतं. त्या फ्लाइटला २५० च्या १२ ट्रेड (पाय ठेवायची आडवी बाजू) म्हणजे ३ मीटर लांबी लागते, ती प्लॅनमध्ये सुरुवातीलाच धरावी लागते. तेवढी जागा नसेल तर संडास दुसरीकडे न्या आणि लँडिंगखाली इन्व्हर्टर, पाण्याची मोटार ठेवा.

माझी सवय सांगतो. फर्निचरचा एकही ब्लॉक टाकण्याआधी रस्त्याच्या मध्यापासून मागच्या कंपाउंडपर्यंत एक उभा छेद काढतो, १:५० ला, हाताने. त्यात रस्ता, चेंबरचा तळ, जोतं, लँडिंग, स्लॅब, गच्चीवरची टाकी, एवढ्यांच्या लेव्हल आकड्यांत लिहितो. रस्त्याचा माथा शून्य धरायचा. चेंबरचं झाकण उघडून टेपने तळ मोजायचा आणि पाण्याच्या नळीने प्लॉटच्या चारही कोपऱ्यांच्या लेव्हल घ्यायच्या. सोबत एक माणूस असला की सकाळच्या वेळात हे उरकतं. ज्यांना तेवढाही धीर नाही त्यांनी घरं काढायला घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

याच छेदाचा आणखी एक फायदा. सोलापूरचा उन्हाळा आठवून मालक मध्येच उंची वाढवायला सांगतो, ३१५० चे ३३०० होतात. रायझर १८ च ठेवले तर प्रत्येक १८३ वर जातो आणि जिना चढताना दम लागतो. १९ केले तर एक ट्रेड वाढते, म्हणजे २५० मिमी, आणि ती बहुतेक वेळा लँडिंगमधून चोरली जाते. उंची बदलली की जिना नव्याने काढायचा. जुना ओढूनताणून बसवायचा नाही.

रॅम्पचंही तेच. ४५० च्या जोत्याला बारास एक चढ धरला तर ५.४ मीटर रॅम्प लागतो, शिवाय वर-खाली थांबायची जागा. थेसिसच्या शीटांवर दारासमोर दीड मीटरचा रॅम्प काढून त्यावर व्हीलचेअरचं चिन्ह टाकलेलं असतं. त्या चढावरून कोणी व्हीलचेअर ढकलून दाखवावी.

चारही बाजूंना ४५० चा छज्जा

सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलै-ऑगस्टच्या सांध्याला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर असतो. मधल्या काळात तो डोक्याच्या किंचित उत्तरेला सरकतो, २१ जूनला सुमारे ६ अंश. २१ डिसेंबरला मात्र दुपारी दक्षिणेला, क्षितिजापासून ४९ अंशांवर. एवढे आकडे भिंतीवर लिहून ठेवले तरी पुष्कळ काम होतं.

दक्षिणेच्या १.२ मीटर उंच खिडकीला ४५० चा छज्जा मार्चअखेर ते सप्टेंबर दुपारचं ऊन अडवतो आणि थंडीत ऊन आत येऊ देतो. उत्तम. तोच छज्जा पश्चिमेला निरुपयोगी आहे. मेमध्ये दुपारी साडेचारला सूर्य जेमतेम ३१-३२ अंशांवर असतो आणि तीच खिडकी पूर्ण सावलीत आणायची तर छज्जा जवळपास २ मीटर हवा. म्हणून पश्चिमेला छज्जा मोठा करत बसू नका. तिथे जिना, संडास, कपाटांची भिंत न्या. खिडकी हवीच असेल तर अरुंद आणि उभी घ्या, बाहेर उभ्या पट्ट्या किंवा जाळी द्या.

वस्त्रोद्योगाचं संग्रहालय किंवा हातमाग केंद्र हा इथल्या विद्यार्थ्यांचा आवडता थेसिस विषय. त्यात गिरण्यांच्या शेडचं करवती छप्पर (करवतीच्या दातांसारखं, उभ्या बाजूला काच असलेलं) हमखास येतं. उत्तरेची काच म्हणजे थेट ऊन नाहीच, हा समज घेऊन. आपल्या अक्षांशावर तो खरा नाही. २१ जूनला सूर्य पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो आणि तेवढाच पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. सकाळ-संध्याकाळ काचेतून तिरपं ऊन थेट जुन्या कापडावर पडेल. काचेच्या दोन्ही बाजूंना उभे पंख द्या आणि सेक्शनमध्ये सूर्याचे कोन काढून दाखवा. ज्युरीत तेवढ्याने अर्धे प्रश्न संपतात.

सगळ्यात वरच्या मजल्याच्या उघड्या स्लॅबबद्दल एवढंच: जुन्या माळवदाची जाड माती उन्हाची धग उशिरा आत सोडायची, १२५ मिमीचा आरसीसी स्लॅब ती संध्याकाळीच सोडतो. ब्रिकबॅट कोब्यावर (विटांच्या तुकड्यांचा थर) पांढरा चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सचा थर) टाका, पाऊस कमी आहे म्हणून शंभरास एक ढाळ वगळू नका.

काळी माती

ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे सोलापूरच्या माणसाला शिकवावं लागत नाही. तरीही सर्रास होणारी गोष्ट म्हणजे पायाच्या खोदाईतून निघालेली तीच काळी माती जोत्यात भरणं. वाहतूक वाचते, मुरमाचे दोन-चार ब्रास वाचतात, आणि दोन पावसाळ्यांत फरशा उचलल्या जातात. जोत्यात मुरूमच भरायचा, १५०-२०० मिमीच्या थरांत, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मस (ठोकून दाबणं) करून. ड्रॉइंगवर हे वाक्य लिहा, तोंडी सांगून भागत नाही.

प्लॉटच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत चाचणी खड्डे घेतल्याशिवाय स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जाऊ नका. शेजाऱ्याला दीड मीटरवर मुरूम लागला म्हणून आपल्यालाही लागेल याची हमी नसते. घराभोवती ९०० मिमी रुंदीचा पक्का पट्टा बाहेरच्या ढाळाचा द्या, म्हणजे पायाजवळची माती वारंवार भिजणार-सुकणार नाही. आणि काळ्या मातीत शोषखड्डा दाखवून निवांत होऊ नका, ती पाणी फारसं पितच नाही.

पाणी

नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात हौद नंतर बघू म्हणणं मला समजत नाही. पाच माणसं, माणशी १३५ लिटर, दिवसाला ६७५, पाच दिवसांचे ३३७५. आतून २ बाय १.५ मीटर आणि १.५ खोल हौद, वर १५० मिमी मोकळे सोडले तर साधारण ४००० लिटर. तो पार्किंगखाली, मीटरजवळ आणि ड्रेनेजच्या चेंबरपासून शक्य तितका लांब घ्या. गच्चीवरची २००० लिटरची टाकी म्हणजे २ टन वजन, ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी सांगा आणि टाकी कॉलमांच्या डोक्यावर बसवा.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. भिंत १५० ची आणि कॉलम २३० चा असेल तर ८० मिमी कुठेतरी बाहेर येणारच, तो पलंगामागे येतो की कपाटात जातो हे आपण ठरवायचं. तळमजला पूर्ण मोकळा ठेवून पार्किंग काढत असाल तर आधी इंजिनिअरशी बोला, आयएस १८९३ या भूकंपविषयक मानकाच्या २०१६ च्या प्रतीत सोलापूर तिसऱ्या झोनमध्ये आहे आणि १९९३ चं किल्लारी इथून फार दूर नव्हतं. परवानगीचा नकाशा हे वर्किंग ड्रॉइंग नाही, तो मिस्त्रीच्या हातात देऊ नका. मिस्त्री फूट-इंच-सुतात बोलतो आणि तुम्ही मिलिमीटरमध्ये, तेव्हा दारं-खिडक्यांच्या तक्त्यात दोन्ही मापं लिहा. नियमावलीची जुनी पीडीएफ वापरू नका. रेंडर सगळ्यात शेवटी.

आणि लाइनआउटच्या (जागेवर चुन्याने आखणी) आधी प्लॉटचे दोन्ही कर्ण मोजा. ९ बाय १५ मीटरच्या काटकोनी प्लॉटचा कर्ण १७.४९ मीटर येतो. कागदावर चौकोन सरळ असतो, जागेवर शेजाऱ्याचं कंपाउंड आत आलेलं असतं आणि बाजूचा मार्जिन (सोडायची मोकळी जागा) तिथेच जातो. कर्ण जुळत नसतील तर चुना टाकू देऊ नका. आधी मोजणीचा नकाशा मागवा, मग आपला दुरुस्त करा.