जुन्या मोटारीचा फुटलेला साइड मिरर कसा बदलावा

साइड मिरर फुटला, म्हणजे त्याचे नेमके काय फुटले, हे आधी पाहावे. नुसती काच तडकली असेल आणि बाहेरचे कवच व दाराशी असलेला सांधा शाबूत असेल, तर संपूर्ण मिरर विकत घेण्याचे कारण नाही. पाठीमागे प्लॅस्टिकची बैठक असलेली काच बहुतेक मोटारींसाठी स्वतंत्र मिळते. कवच किंवा सांधा मोडला असेल, तर मात्र पूर्ण मिरर बदलावा. मोडलेला सांधा गोंदाने चिकटवण्याचा मोह होतो, पण असा आरसा वेगात थरथरतो, आणि थरथरत्या आरशात मागची गाडी दिसली तरी तिच्या अंतराचा अंदाज येत नाही.

खरेदी करताना मोटारीचे मॉडेल, उत्पादनाचे वर्ष आणि मिररची बाजू तर सांगावीच, शिवाय जुना मिरर कसा हलतो तेही पाहून ठेवावे. तो हाताने, आतल्या दांडीला जोडलेल्या केबलने किंवा विजेच्या मोटरने हलत असेल. विजेच्या मिररला साधारणपणे तीन वायरी असतात आणि काच तापवण्याची सोय असेल तर आणखी दोन. म्हणून वापरलेला मिरर घेताना कनेक्टर जुळतो का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जुनी काच बहिर्वक्र असेल, तर नवीही तशीच घ्यावी.

नुसती काच बदलायची असल्यास जाड हातमोजे घालून फुटलेल्या काचेवर चिकटपट्टीचे आडवे-उभे पट्टे लावावेत, म्हणजे तुकडे उडत नाहीत. काचेची एक कड आत दाबली की समोरची कड बाहेर येते; त्या फटीत प्लॅस्टिकची पट्टी घालून काच हळूहळू उचकटावी. जुने प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असते, तेव्हा आधी हेअर ड्रायरने ते थोडे तापवणे शहाणपणाचे. मागे वायरी असल्यास त्या नव्या काचेला जोडाव्यात आणि घडी घातलेले फडके मध्ये धरून काचेच्या मधोमध तळहाताने, क्लिप बसल्याचा आवाज येईपर्यंत, दाबावे. कडेला दाबल्यास नवी काचही तडकते.

पूर्ण मिरर काढताना, तो विजेचा असेल तर प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवावी. दाराच्या आतल्या बाजूला, मिररच्या बरोबर मागे, त्रिकोणी झाकण असते. ते बहुधा क्लिपांवर बसलेले असते, पण ओढण्यापूर्वी छोट्या टोपणाखाली एखादा स्क्रू दडलेला नाही ना, हे पाहावे. कनेक्टर खोल असेल, तर दाराचे आतले पॅनेलही काढावे लागते. काच वरखाली करण्याचा हँडल असलेल्या जुन्या मोटारींत त्याच्यामागे बहुधा तारेची एक लहान कडी असते. हँडल आणि पॅनेल यांच्यामध्ये कापडाची पट्टी घालून ती दोन्ही हातांनी मागेपुढे घासली, की कडी निसटते. ती टुणकन उडते, म्हणून दुसऱ्या कोणाला तरी लक्ष ठेवायला सांगावे.

झाकणामागे बहुधा तीन नट किंवा स्क्रू दिसतात. ते गंजले असतील तर गंज सैल करणारे तेल सोडून पंधरा मिनिटे थांबावे. जोर लावला तर बोल्टच तुटतो. त्यांना पाना लावण्यापूर्वी दाराच्या पोकळीचे तोंड फडक्याने बंद करावे. हे मी पहिल्या वेळी केले नाही, आणि दाराच्या तळाशी गेलेला नट तारेला चुंबक बांधून शोधण्यात माझी अख्खी दुपार गेली. शेवटचा नट काढताना एका हाताने मिरर बाहेरून धरून ठेवावा, नाहीतर त्याचे सगळे वजन वायरींवर येते. केबलचा मिरर असेल, तर आतल्या दांडीची रिंग किंवा बारीक स्क्रूही सोडवावा लागतो.

नवा मिरर बसवण्यापूर्वी बैठकीखालची रबरी पट्टी पाहावी. ती फाटली असेल तर पावसाचे पाणी दारात उतरते. सर्व नट आधी बोटांनी फिरवून मग आळीपाळीने आवळावेत, कारण एकच पूर्ण आवळला तर मिरर तिरका बसतो. झाकण लावण्याआधी बॅटरी जोडून आरसा चारही दिशांना हलतो का, हे पाहावे. आठवडाभर गाडी चालवल्यावर झाकण पुन्हा काढून नट एकदा तपासावेत. नवी रबरी पट्टी दबल्यामुळे ते किंचित सैल झालेले असू शकतात.