वस्तीत हरिपाठ मंडळ सुरू करायचं तर

शहरात वारकरी घरांतली माणसं पुष्कळ असतात. गळ्यात माळ असते, एकादशी धरलेली असते, पण गावचं देऊळ मागे राहिल्यामुळे संध्याकाळचा सामुदायिक हरिपाठ सुटलेला असतो. चार-पाच घरं जमली की मंडळ सुरू करता येतं. पन्नास नावांची यादी होईपर्यंत थांबू नका. नेमाने येणारी सहा माणसं पुरेत.

आधी वार आणि वेळ ठरवा. फक्त एकादशीला जमायचं ठरवलं तर महिन्यातून दोनदाच जमणं होतं आणि वारही बदलत राहतो, त्यामुळे नोकरदार गळतात. आठवड्यातला एक वार पक्का धरा आणि एकादशी त्याशिवाय करा. संध्याकाळी साडेसात ते पावणेनऊ ही वेळ बहुतेकांना जमते. ज्ञानेश्वर महाराजांच्या हरिपाठाचे सत्तावीस अभंग टाळावर, चालीत म्हटले की पाऊण तास सहज जातो. आधी रूपाचे (विठ्ठलाच्या रूपाचं वर्णन करणारे) अभंग आणि शेवटी आरती, पसायदान धरलं तर सव्वा तास होतो. साडेसात म्हणजे साडेसात. दोनच माणसं आली असली तरी सुरू करा. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबायला लागलात की महिन्याभरात वेळेवर येणारेही आठ वाजता येऊ लागतात.

एकादशी कोणत्या पंचांगाने धरायची हे पहिल्याच बैठकीत ठरवा. पंचांगात स्मार्त आणि भागवत अशा दोन प्रकारे एकादशी दिलेली असते, आणि त्या कधी कधी लागोपाठच्या दोन दिवशी येतात. वारकरी भागवत एकादशी धरतात. हे ठरलं नसेल तर अर्धे लोक आदल्या दिवशी दारात उभे राहतात. परदेशातल्या मंडळींनी आपल्या शहराच्या सूर्योदयावर केलेलं पंचांग पाहावं, कारण तिथली तिथी भारतातल्या दिवसाशी जुळेलच असं नाही.

जागा शक्यतो एकच ठेवा: सोसायटीचं सभागृह किंवा जवळचं देऊळ. सभागृहासाठी कमिटीकडून वार आणि वेळ लिहिलेली परवानगी घ्या, कारण कमिटी बदलली की तोंडी शब्द विसरला जातो. घरोघरी फिरता हरिपाठ सुरुवातीला गोड वाटतो, पण त्यात एक अडचण ठरलेली असते. पहिल्या घरी चहा होतो, दुसऱ्या घरी पोहे, तिसऱ्या घरी गुलाबजाम, आणि चौथं घर पाळी टाळायला लागतं. म्हणून प्रसाद आधीच ठरवून टाका. एरवीच्या हरिपाठाला चुरमुरे-फुटाणे किंवा खडीसाखर, एकादशीला केळी किंवा राजगिऱ्याचा लाडू. एकादशीला चुरमुरे चालत नाहीत, हे प्रसाद आणणाऱ्या नव्या माणसाला आवर्जून सांगा. त्याहून जास्त कुणी काही करू नये, हौस असली तरी.

साहित्यात टाळांच्या आठ-दहा जोड्या, एक वीणा, एक पखवाज आणि मोठ्या अक्षरातल्या हरिपाठाच्या पंधरा-वीस प्रती लागतात. टाळ घेताना जोडी वाजवून बघा, दोन्ही पाळ्यांचा (वाट्यांचा) नाद एकमेकांशी जुळला पाहिजे. दोरी सुती आणि पक्क्या गाठीची हवी. गाठ सुटून पाळी एखाद्याच्या पायावर पडली तर चांगलंच लागतं. लहान मुलांना हलके टाळ द्या, जड टाळांनी मनगट दुखलं की ती पुन्हा येत नाहीत.

पखवाजाकडे नीट लक्ष द्या. वाजवण्याआधी धुमेवर, म्हणजे डाव्या, जाड आवाजाच्या तोंडावर, मळलेली कणीक बसवतात. ती पोळीच्या कणकेपेक्षा सैल असावी आणि मधोमध गोल थापावी. कमी झाली तर आवाज पोकळ येतो, जास्त झाली तर दबतो. वाजवून झाल्यावर लगेच काढून ओल्या फडक्याने पुसा. राहिलेली कणीक वाळते, कातडं ओढलं जातं आणि ते फाटतं. पावसाळ्यात पुडी (तोंडावरचं कातडं) सैल पडते, तेव्हा हातोडीने गठ्ठे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) खाली ठोकून सूर चढवावा लागतो. हे एका माणसाचंच काम असू द्या. पखवाजी मिळाला नाही तर नुसत्या टाळावर म्हणा. लयीला काही कमी पडत नाही. मोबाइलवरचा ठेका मात्र लावू नका, तो माणसांसाठी थांबत नाही.

टाळकऱ्यांच्या दोन ओळी समोरासमोर, मधे पखवाज, शेजारी विणेकरी. नव्या माणसाला दोन जाणत्यांच्या मधे उभं करा, शेवटी नको. शेवटी उभ्या असलेल्याला अभंग ऐकूच येत नाही, मग तो घाई करतो आणि सगळ्यांची लय पळते. गुडघे दुखणाऱ्यांसाठी कडेला खुर्च्या ठेवा. बायका आणि पुरुष एकत्र म्हणत असतील तर स्वर मधला धरा, उंच स्वर घेतला की पाचव्या अभंगापर्यंत अर्धे गप्प होतात.

चालीवरून वाद होतोच. आळंदीकडची, देहूकडची, आपल्या फडाची (वारकऱ्यांच्या परंपरागत गटाची) अशी प्रत्येकाची चाल वेगळी आणि प्रत्येकाला आपलीच बरोबर वाटते. वर्षभर एकच चाल ठेवा, ती म्हणणारा एक माणूस ठरवा. वीणा कोणाच्या गळ्यात यावरही मन दुखतं, तेव्हा पाळी लावा आणि त्या पाळीत बायकांची नावं पहिल्या दिवसापासून घाला. शेवटी सगळ्यांनी एकमेकांच्या पाया पडायचं. वय, जात, हुद्दा न बघता पडायचं, संप्रदायाची ही रीत नव्या मंडळातही सोडू नका. माळ घालण्याचा आग्रह मात्र कुणाला करू नये. व्हॉट्सॲप गटात फक्त वेळ आणि जागेचे निरोप टाका, तेही दोघांनीच. राजकारणाचा एक मेसेज आला की दोन घरं कमी होतात.

ध्वनिक्षेपक शक्यतो नकोच. वीस माणसांचा आवाज सभागृहाला पुरतो. लावायचाच असेल तर लेखी परवानगी लागते. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत तो उघड्यावर लावता येत नाही, आणि रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे.

पैसा सभासदांपुरताच ठेवा. महिन्याची ठरलेली छोटी रक्कम, एक वही आणि दर एकादशीला मोठ्याने वाचलेला हिशोब. एकाच्याच खात्यावर पैसे साठवू नका, दोघांच्या सहीचं खातं काढा. बाहेरून वर्गणी गोळा करायची वेळ आली तर आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात विचारणा करा. संस्था नोंदवायची असेल तर किमान सात सभासद लागतात, पण साप्ताहिक हरिपाठाला त्याची घाई नको. सप्ताह किंवा दिंडी करायचं ठरलं की मग बघावं.