‘साइट उघडत नाहीये’ या तक्रारीचा माग कसा काढायचा

नेटवर्क ऑपरेशन्समध्ये नव्याने रुजू झालेल्याला रोज ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे ‘साइट उघडत नाहीये’. नाव सापडलं नसेल, तिथवर जायचा रस्ता नसेल, पॅकेट (माहितीचा तुकडा) पोहोचूनही उत्तर परत येत नसेल, नाहीतर सर्व्हरच बसला असेल; पडद्यासमोरच्या माणसाला चारही वेळा चित्र जवळपास एकच दिसतं. यांतला तिसरा प्रकार, म्हणजे परतीच्या वाटेतला बिघाड, नवख्यांच्या नजरेतून हमखास सुटतो.

तपास नावापासून सुरू करा. साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. तिला प्रश्न विचारणारी ‘डिग’ ही कमांड चालवा आणि उत्तराचा कोड बघा. एनएक्सडोमेन आलं तर ते नावच अस्तित्वात नाही: टायपिंगची चूक, किंवा मुदत संपून काढून टाकलेलं डोमेन. सर्व्हफेल म्हणजे रिझॉल्व्हरला (तुमच्या वतीने पत्ता शोधणाऱ्या सर्व्हरला) खात्रीचं उत्तर मिळवता आलं नाही. अशा वेळी तोच प्रश्न डीएनएसेकची, म्हणजे उत्तरांवरच्या डिजिटल सह्यांची, पडताळणी बंद ठेवून विचारा. आता पत्ता मिळाला तर घोळ सह्यांमध्ये आहे. तरीही सर्व्हफेलच आलं तर त्या डोमेनच्या मूळ नेमसर्व्हरपर्यंत (त्याचे पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरपर्यंत) पोहोचता येतं का ते बघा, कारण इथून पुढे डीएनएसची तक्रार बऱ्याचदा राउटिंगची, म्हणजे रस्त्याची, निघते.

४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक गायब झालं तेव्हा नेमकं हेच झालं होतं. देखभालीच्या कामात दिलेल्या एका कमांडमुळे कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारं स्वतःचं जाळं तुटलं. डेटा सेंटरशी संपर्क राहिला नाही तर डीएनएस सर्व्हरांनी आपल्या पत्त्यांची बीजीपी अनाउन्समेंट (‘या पत्त्यांचा रस्ता माझ्याकडे’ अशी इतर नेटवर्कना दिलेली वर्दी) मागे घ्यायची, अशी रचना होती, आणि ती रचना अगदी बरहुकूम चालली. नेमसर्व्हर सुरू होते, पण जगाला त्यांच्याकडे जायला रस्ता उरला नव्हता. सेवा सुमारे सहा तास बंद राहिली.

पत्ता मिळाला की पिंगवर विसंबू नका. पिंग ज्यावर चालतं ते आयसीएमपी (नेटवर्कचे निरोप नेणारा प्रोटोकॉल) पुष्कळ ठिकाणी अडवलेलं असतं. थेट ४४३ पोर्टवर (सुरक्षित वेबसाइटच्या दारावर) टीसीपी जोडणी करून बघा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर एका परीने ती चांगली बातमी आहे: पॅकेट गेलं, पलीकडून कोणीतरी नकार पाठवला आणि तो तुमच्यापर्यंत आला, म्हणजे जाणं-येणं दोन्ही शाबूत. प्रकरण सर्व्हरवाल्यांकडे सोपवा. सर्टिफिकेटची चूक दिसली तरी तोच निष्कर्ष. ‘टाइमआउट’ आलं तर मात्र रस्ता तपासायला घ्या.

रस्ते ठरतात ते बीजीपीने. प्रत्येक स्वतंत्र नेटवर्कला एक एएस (ऑटोनॉमस सिस्टिम) क्रमांक असतो. ते नेटवर्क शेजाऱ्यांना सांगतं की हे हे प्रीफिक्स (पत्त्यांचे गट) माझ्याकडे आहेत. शेजारी त्या माहितीत आपला क्रमांक जोडून ती पुढे देतो. ‘६४५०० ६४५०१ ६४५१०’ असा एएस पाथ दिसला तर उजवीकडचा शेवटचा क्रमांक मूळ मालकाचा. एकाच प्रीफिक्सला अनेक रस्ते मिळाले तर सर्वांत लहान पाथ जिंकतो असं पुस्तकातून डोक्यात बसलेलं असतं. प्रत्यक्षात त्याआधी लोकल प्रेफरन्स (नेटवर्कने स्वतः ठरवलेला पसंतीक्रम) बघितला जातो, आणि तो बहुधा पैशाच्या हिशेबाने लावलेला असतो: ग्राहकाकडून आलेला रस्ता पहिला, मग पीअरचा (बरोबरीच्या नात्याने रहदारी देवघेव करणाऱ्या नेटवर्कचा), आणि ज्याला पैसे मोजावे लागतात तो ट्रान्झिटचा शेवटी. शेजारच्या शहरातलं पॅकेट दुसऱ्या खंडातून फिरून येतं ते यामुळेही.

या सगळ्यावर मात करणारा नियम म्हणजे अधिक नेमका प्रीफिक्स जिंकतो. तिरक्या रेषेपुढचा आकडा जितका मोठा, तितका पत्त्यांचा गट लहान आणि नेमका. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूब देशात अडवण्यासाठी २०८.६५.१५३.०/२४ हा रस्ता तयार केला. तो बाहेर जायला नको होता, पण गेला, आणि पीसीसीडब्ल्यू या अपस्ट्रीमने (त्यांना बाकीच्या इंटरनेटशी जोडणाऱ्या कंपनीने) न गाळता पुढे सोडला. यूट्यूबची स्वतःची अनाउन्समेंट /२२ ची होती, त्यामुळे जगभरातली रहदारी /२४ कडे वळली. यूट्यूबने आधी तोच /२४ आणि मग दोन /२५ जाहीर करून झुंज दिली. पीसीसीडब्ल्यूने चुकीचे रस्ते काढले तेव्हा, सुमारे दोन तासांनी, प्रकरण मिटलं. /२५ चा उपाय मुळातच अर्धवट असतो, कारण /२४ हून लहान आयपीव्ही४ प्रीफिक्स बहुतेक नेटवर्क स्वीकारतच नाहीत.

आता परतीची वाट. ट्रेसराउट टीटीएल (पॅकेट किती टप्पे जाऊ शकतं तो आकडा) एकेकाने वाढवत पॅकेट सोडतं आणि वाटेतल्या राउटरांची उत्तरं गोळा करतं. ती उत्तरं कोणत्या वाटेने परत आली हे त्यात दिसत नाही, आणि इंटरनेटवर जायचा व यायचा रस्ता वेगळा असणं ही रोजची गोष्ट आहे. सातव्या हॉपनंतर (टप्प्यानंतर) चांदण्या (*, म्हणजे उत्तर नाही) लागल्या म्हणून सातव्या राउटरच्या मालकाला मेल ठोकू नका. आठव्याकडून तुमच्याकडे येणारा रस्ताच तुटलेला असू शकतो. मधेच एका हॉपवर चांदण्या किंवा २०० मिलिसेकंद, आणि पुढचे सगळे हॉप ठीक, असं दिसलं तर दुर्लक्ष करा. तो राउटर पॅकेट नीट पुढे देतोय, फक्त स्वतः उत्तर द्यायला त्याला फुरसत नाही. ट्रेस नेहमी दोन्ही टोकांकडून मागा. पलीकडचा माणूस हाताशी नसेल तर त्या बाजूच्या एखाद्या नेटवर्कचं लुकिंग ग्लास (त्यांच्या राउटरला दिसणारे रस्ते दाखवणारं पान) उघडून तुमचा प्रीफिक्स तिथे दिसतो का ते बघा.

‘काहींना दिसते, काहींना नाही’ ही तक्रार आली की आरपीकेआय (कोणता प्रीफिक्स कोणी जाहीर करायचा याच्या सही केलेल्या नोंदी) तपासा. त्यातल्या आरओए नोंदीत /२२ ला कमाल लांबी २२ दिलेली, आणि नंतर कोणीतरी फक्त त्यातले /२४ जाहीर केले, तर ते अवैध ठरतात. पडताळणी करणारी नेटवर्क ते टाकून देतात, बाकीची घेतात.

‘लॉगिनचं पान येतं, पुढे अडकतं’ हे लक्षण वेगळं. तिथे एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी, बाइटमध्ये) बघा. इथरनेटवर तो १५००, पीपीपीओईवर (काही ब्रॉडबँड जोडण्यांवर) १४९२. मोठं पॅकेट अडल्याचा आयसीएमपी निरोप फायरवॉलने गिळला तर पाठवणारा तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. तुकडे न करण्याची खूण लावून १४७२ बाइटचं पिंग करा. २८ बाइट हेडरचे मिळून १५०० होतात. ते पडलं आणि १४६४ चं गेलं, तर वाटेत १४९२ चा टप्पा आहे.

हात बसवायचा तर लिनक्सवर एफआरआर (राउटरचं काम करणारं सॉफ्टवेअर) घेऊन तीन राउटर मांडा. खासगी वापरासाठी ६४५१२ ते ६५५३४ हे एएस क्रमांक आहेत. शेजारी राउटरशी असलेल्या बीजीपी सेशनची स्थिती ‘ॲक्टिव्ह’ दिसली की नवखे निर्धास्त होतात, पण त्याचा अर्थ जोडणी अजून व्हायचीय. हवं ते ‘एस्टॅब्लिश्ड’. बहुतेकदा बीजीपीचा १७९ पोर्ट अडलेला असतो किंवा शेजाऱ्याचा पत्ता चुकलेला असतो. सेशन उभं राहूनही एकही रस्ता आला नाही तर पॉलिसी (कोणते रस्ते घ्यायचे-द्यायचे याचे नियम) लावली आहे का बघा: एफआरआरच्या नव्या आवृत्त्या पॉलिसीशिवाय बाहेरच्या एएसशी रस्त्यांची देवाणघेवाण करत नाहीत. मग मधल्या राउटरवर तिसऱ्याचाच एक /२५ जाहीर करा, पहिल्यावरून ट्रेस चालवा, आणि फिल्टर लावून तो थांबवा.