हार्मोनच्या गोळ्या चालू असताना केस कसे जपावेत

स्तनाच्या कॅन्सरची केमो संपल्यावर माझे केस परत आले ते कुरळे, लहान बाळाच्या जावळासारखे मऊ. सगळ्यांनी कौतुक केलं. मग लेट्रोझोल ही हार्मोनची गोळी सुरू झाली. वर्षभराने एकदा न्हाऊन ट्यूबलाइटखाली आरशासमोर उभी राहिले, तर भांग चांगला बोटभर रुंद दिसला. केमोत केस जातात हे सगळे सांगतात. गोळ्यांनी ते हळूहळू विरळ होऊ शकतात, हे मात्र कुणी बोललं नव्हतं.

इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनमुळे केस वाढीच्या टप्प्यात जास्त काळ टिकतो. टॅमॉक्सिफेन (रोज २० मिलिग्रॅम) त्या इस्ट्रोजेनचं काम अडवते. लेट्रोझोल (२.५ मिलिग्रॅम), अ‍ॅनास्ट्रोझोल (१ मिलिग्रॅम) किंवा एक्झेमेस्टेन (२५ मिलिग्रॅम) शरीरात ते तयार होणंच जवळपास थांबवतात. त्यामुळे पुरुषी हार्मोनचं पारडं जड होतं आणि टाळूवरचे, कपाळालगतचे केस बारीक होत जातात. सरसकट टक्कल सहसा पडत नाही.

गोळी बंद करायची नाही

आधी हे, मग बाकी सगळं. ही गोळी आजार उलटू नये म्हणून ५ वर्षं, कधी १० वर्षं घ्यायची असते. केसांपायी ती परस्पर सोडू नका, एक दिवसाआड तर मुळीच घेऊ नका. त्रास असह्य झाला तर कॅन्सरच्या डॉक्टरांना तसं सांगा. कधी कधी गोळी बदलून देता येते.

महिन्यातून एक फोटो

रोज कंगव्यातले केस मोजत बसलात तर वेड लागेल. दिवसाला ५० ते १०० केस कुणाचेही गळतात. त्यापेक्षा महिन्यातून एकदा, कोरड्या केसांचा, मधोमध भांग पाडून, त्याच खिडकीपाशी वरून फोटो काढायला कुणाला तरी सांगा. माझे फोटो लेक काढतो, कुरकुरत का होईना. डॉक्टरांना दाखवायला हे फोटो फार उपयोगी पडतात.

सगळा दोष गोळीला देण्याआधी रक्त तपासा

हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व यांबद्दल डॉक्टरांना विचारा. लोह कमी असेल किंवा थायरॉइड बिघडला असेल तरी केस गळतात, आणि त्यावर इलाज आहे. जेवणात डाळ-उसळ, अंडी असू द्या, वर लिंबू पिळा. जेवणाला लागून चहा नको. त्याने लोह नीट शोषलं जात नाही.

न्हाणं

या गोळ्यांनी अंगातून वाफा निघतात, रात्री उशी घामाने भिजते, आणि तो घाम टाळूवर वाळून खाज सुटते. म्हणून आठवड्याला एकदाच डोक्यावरून न्हायचा हट्ट सोडा. सौम्य शाम्पू तांब्यातल्या पाण्यात पातळ करून, कोमट पाण्याने, बोटांच्या टोकांनी धुवा, नखांनी नाही. ओले केस टॉवेलने खसाखसा पुसू नका, पंच्याने टिपून घ्या. गुंता मोठ्या दातांच्या कंगव्याने, खालून वर येत सोडवा.

तेलाबद्दल माझ्या सासूबाईंचं आणि माझं कधी पटलं नाही. न्हाण्याआधी तासभर खोबरेल लावलं तर केस कमी तुटतात, हे खरं. नवे केस मात्र त्याने उगवत नाहीत, आणि कोंडा असेल तर रात्रभर तेल मुरवणं म्हणजे कोंड्याला खाऊ घालणंच. कोंड्यासाठी डॉक्टर बहुधा २ टक्के केटोकोनॅझोलचा शाम्पू देतात. तो ३ ते ५ मिनिटं टाळूवर ठेवून मग धुवायचा.

मिनॉक्सिडिल

विरळपणावर सगळ्यात जास्त वापरलं जाणारं औषध हे. कॅन्सरच्या आणि त्वचेच्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करा, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर विशेषच. कोरड्या टाळूवर, भांग बदलत बदलत, केसांना न लागता कातडीला लागेल असं लावायचं. एका वेळी साधारण १ मिली पुरतं. नंतर हात धुवा. कपाळावर ओघळलं तर पुसून टाका, नाहीतर तिथे लव वाढते. झोपण्याच्या दोनेक तास आधीच लावा. घरात मांजर असेल तर फार जपा. मांजरांना हे औषध विषारी असतं.

पहिले काही आठवडे केस उलट जास्तच गळू शकतात. इथेच बऱ्याच जणी बाटली फेकून देतात. मीही दीड महिन्याने फेकायला निघाले होते. फरक दिसायला ३ ते ६ महिने लागतात, आणि औषध सोडलं की मिळवलेलं हळूहळू जातं.

जे डोळे झाकून घ्यायचं नाही

केसांच्या गोळ्यांमध्ये बायोटिन भरपूर असतं. त्याने थायरॉइडसारख्या रक्ततपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात, म्हणून तपासणीआधी डॉक्टरांना सांगा. सोयाच्या अर्काच्या कॅप्सूल, शतावरी कल्प, ‘हार्मोन संतुलित करणारी’ चूर्णं विचारल्याशिवाय नकोत. झटपट काळी होणारी मेंदी पुष्कळदा नुसती मेंदी नसते. तिच्यात पीपीडी हा रासायनिक रंग असतो, त्याची अ‍ॅलर्जी येऊ शकते. कोणताही रंग आधी कानामागे लावून ४८ तास थांबा.

कधी थांबायचं नाही

चाई पडल्यासारखा गोल चट्टा, पू, खपल्या, गुळगुळीत चकाकणारी जागा, एकदम पुंजक्यांनी गळणं, डोक्यावर गाठ किंवा न भरणारी जखम: यातलं काही दिसलं तर फोटोची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

बाकी रोजच्या सोयी. भांग एका बाजूने किंवा नागमोडी पाडला की रुंदी झाकते. उन्हात जाताना डोक्यावर सुती ओढणी घ्या, उघडी टाळू भाजते. घट्ट अंबाडा, ओढून घातलेली वेणी मुळांवर ताण देते. गजरा माळायचा असेल तर मानेजवळ सैल अंबाडा घालून त्यात खोचा, टाळूजवळच्या केसांना पिन लावू नका.