युद्धातल्या हेलिकॉप्टरचा सेवा आणि अपघात इतिहास कसा जुळवायचा: सुरुवात बोगमाळोपासून

गोव्यातल्या बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झालं. तिथल्या आवारात चेतक आहे, कामोव्ह-२५ आहे, दोन्ही हेलिकॉप्टरं. फलकावरून प्रकार कळतो, पण समोर उभा असलेला हा एकच सांगाडा कुठे कुठे गेला, कोणत्या जहाजावर होता, त्याला कधी मार बसला, हे फलकावर मावत नाही. ते स्वतः जुळवावं लागतं. काम किचकट असलं तरी अवघड नाही, फक्त क्रम पाळायचा: आधी ओळख, मग ठावठिकाणा, मग घटना आणि कारण सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक उलट्या दिशेने जातात. "शत्रूने पाडलं" हे आधी ठरवतात आणि त्याला साजेसे पुरावे शोधत बसतात.

ओळख पक्की करणं

सकाळी लवकर जा. तिरप्या उन्हात रिव्हेटच्या रांगा आणि रंगाखाली दबलेला जुना क्रमांक उठून दिसतो. दुपारच्या उन्हात सगळं सपाट होतं. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात, पापुद्रे सुटलेले असतात. नवा रंग लागण्याआधी तेव्हा जुने थर दिसतात.

नौदलाच्या हेलिकॉप्टरवर "आयएन" आणि पुढे आकडे असतात. हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांवर बहुधा "झेड"ने सुरू होणारा क्रमांक असतो. हा क्रमांक सेवेतला. त्याशिवाय कारखान्याचा बांधणी क्रमांक असतो, तो धातूच्या छोट्या पट्टीवर ठोकलेला असतो. पट्टी दिसली तर तिचा फोटो सरळ समोरून घ्या आणि शेजारी पट्टीच्या मापाची काहीतरी वस्तू धरा. दोन्ही क्रमांक हवेत, कारण रंगवलेला क्रमांक खोटा असू शकतो. प्रदर्शनासाठी उभं करताना एका सांगाड्याला दुसऱ्याची शेपटी, तिसऱ्याची पाती लावली जातात. यात फसवणूक नसते, हाताशी जे असतं ते लावतात. म्हणून शेपटीवरचा आकडा शेपटीचाच असेल, मधल्या धडाचा नसेल, ही शक्यता वहीत लिहून ठेवा.

फोटो फक्त संग्रहालयाच्या आवारातल्या वस्तूंचे काढा. शेजारी आयएनएस हंसा हा चालू लष्करी तळ आहे. कुंपणापलीकडे कॅमेरा वळवू नका, ड्रोन तर नकोच.

नावांचा घोळ

शोध घेताना सर्वांत जास्त वेळ यात जातो. फ्रेंच बनावटीचं अ‍ॅल्युएट-३ आपल्याकडे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने परवान्यावर बांधलं आणि ते चेतक झालं. १९७१ च्या कागदांत बहुतेक ठिकाणी "अ‍ॅल्युएट" सापडेल, "चेतक" शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. चीता हे आणखी वेगळं: अ‍ॅल्युएट-२ च्या सांगाड्यावर अ‍ॅल्युएट-३ चं इंजिन आणि पंखा, म्हणजे मूळचं लामा नावाचं फ्रेंच हेलिकॉप्टर. बातमीदार या तिन्हींची सरमिसळ करतात, तसंच एमआय-८ आणि एमआय-१७ यांचंही. ओळखायची सोपी खूण: एमआय-८ चा शेपटीचा पंखा मागून पाहिला तर उजवीकडे असतो, एमआय-१७ चा डावीकडे. जुन्या, धूसर फोटोतही एवढं दिसतं.

गावांची नावंही पाहून घ्या. दाबोळी, मुरगाव, अंजदीव यांची पोर्तुगीज, इंग्रजी आणि मराठी रूपं वेगवेगळी, आणि तोच प्रकार बांगलादेशातल्या नदीघाटांचा.

ठावठिकाणा: तारखांची माळ

एक तक्ता करा. रकाने असे: तारीख, वेळ, ती वेळ कोणत्या घड्याळाची, सेवेतला क्रमांक, बांधणी क्रमांक, तुकडी, तळ किंवा जहाज, काम, उड्डाणतास, घटना, पुरावा कशाचा, आणि भरवसा. भरवशाला तीन पायऱ्या पुरतात: त्या वेळचा अधिकृत कागद "अ", त्या वेळचं वर्तमानपत्र किंवा तारीख असलेला फोटो "ब", नंतरची आठवण "क". आठवण खोटी असते असं नाही, पण चाळीस वर्षांत दोन उड्डाणांचं एक उड्डाण होतं.

घड्याळाचा रकाना का हवा, हे १९७१ च्या युद्धावर काम करणाऱ्याला लगेच कळतं. भारतीय प्रमाणवेळ, पश्चिम पाकिस्तानची वेळ आणि पूर्वेकडची ढाक्याची वेळ यांत दोन्ही बाजूंना अर्ध्या अर्ध्या तासाचा फरक. शिवाय वैमानिकाची नोंद जागतिक वेळेत असेल तर साडेपाच तास. पहाटेच्या उड्डाणाची तारीखच बदलते. दोन साक्षी अर्ध्या तासाने चुकत असतील तर त्या चुकत नसून जुळत असण्याचीच शक्यता जास्त.

तुकडीवरून जागा काढता येते. अ‍ॅल्युएट १९७१ मध्ये विक्रांत या विमानवाहू जहाजावर होती, बुडणाऱ्या वैमानिकाला उचलण्यासाठी. सी किंग मार्क ४२ त्याच वर्षी नौदलात आलं आणि ३३० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनकडे गेलं. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ खुकरी ही आपली युद्धनौका बुडाली, त्यानंतर पाकिस्तानी पाणबुडीच्या शोधात सी किंग होती. त्याच तारखेला तिकडे पूर्वेला हवाई दलाची एमआय-४ सैनिकांना मेघना नदीपलीकडे उतरवत होती. आशुगंजचा पूल उडवलेला होता, म्हणून ही हवाई वाट. त्या आघाडीचे सेनापती सगत सिंग. हे नाव गोव्यातल्या वाचकाला आधीपासून माहीत असायला हवं, १९६१ च्या डिसेंबरात पणजीत शिरलेल्या ५० पॅरा ब्रिगेडचे प्रमुख तेच. एकाच तारखेला दोन दलांची हेलिकॉप्टरं दोन टोकांना, त्यामुळे "९ डिसेंबर, हेलिकॉप्टर" एवढ्यावर ओळ भरू नका. दल आणि प्रकार लिहिल्याशिवाय तारखेला काही अर्थ नाही.

वर्तमानपत्रांसाठी पणजीला पाटोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. दैनिक गोमन्तक १९६२ चं, नवहिंद टाइम्स १९६३ चं, त्यामुळे १९७१ साठी दोन्हींचे जुने अंक उपयोगी. घटनेच्या दिवसाचा अंक पाहून थांबू नका, पुढचे दहा दिवस पाहा. खरी माहिती बहुतेकदा शोकसभेच्या, शौर्यपदकाच्या किंवा नाव दुरुस्त केल्याच्या छोट्या बातमीत असते.

गमावलं म्हणजे काय: चार खाती

युद्धात हेलिकॉप्टर गेलं, एवढ्यावर थांबू नका. खातं ठरवा: शत्रूच्या माऱ्याने, आपल्याच माऱ्याने, उड्डाणातल्या अपघाताने, किंवा जमिनीवर वा जहाजावर असताना. व्हिएतनाममध्ये अमेरिकेने गमावलेल्या हजारो हेलिकॉप्टरांपैकी फार मोठा भाग शत्रूच्या गोळीने नव्हे तर अपघाताने गेला. हे एकदा ध्यानात घेतलं की पहिलं खातं आपोआप लहान होतं.

चौथं खातं विसरलं जातं. २५ मे १९८२ ला ब्रिटन आणि अर्जेंटिनातल्या फॉकलंडच्या युद्धात अटलांटिक कन्व्हेयर या ब्रिटिश जहाजावर एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळलं आणि तीन चिनूक, सहा वेसेक्स व एक लिंक्स जहाजाबरोबर गेली. ही हेलिकॉप्टरं त्या क्षणी उडतही नव्हती, तरी हानीच्या आकड्यात ती येतात. "इतकी पाडली" असं कुठे वाचलं तर ही दहा त्यात मोजलीत का, हे बघा.

दुसऱ्या खात्याचं उदाहरण आपल्याच देशातलं. २७ फेब्रुवारी २०१९ ला काश्मीरमधल्या बडगामला एमआय-१७ कोसळलं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. सुरुवातीच्या बातम्यांत तांत्रिक बिघाड होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुखांनी जाहीरपणे मान्य केलं की क्षेपणास्त्र आपलंच होतं. म्हणजे एकच ओळ सात महिन्यांत तिसऱ्या खात्यातून दुसऱ्यात गेली. म्हणून जुनी ओळ खोडू नका. तिच्याखाली तारखेसह नवी लिहा.

कारण लिहिण्याआधी तपासायचं

पहिली गोष्ट हवा. तापमान आणि उंची माहीत असेल तर घनता-उंची, म्हणजे विरळ हवेमुळे पंख्याला जाणवणारी उंची, स्वतः काढता येते: त्या उंचीवरचं प्रमाण तापमान म्हणजे १५ वजा दर हजार फुटांना २ अंश. प्रत्यक्ष तापमान त्याहून जितके अंश जास्त, त्या प्रत्येक अंशाला १२० फूट धरून उंचीत मिळवा. बोगमाळोच्या किनाऱ्यावर मे महिन्यात ३३ अंश असतील तर फरक १८, म्हणजे २,१६० फूट. उभं आहे समुद्राकाठी, पण पंख्याला वाटतं दोन हजार फुटांच्या डोंगरावर आहोत. आता १५,००० फूट आणि समजा ५ अंश: प्रमाण तापमान उणे १५, फरक २०, घनता-उंची १७,४०० फूट. कारगिलच्या शिखरांवर रॉकेट घेऊन गेलेल्या हेलिकॉप्टरला चपळ वळण घेणं का जड गेलं असेल, याचा अंदाज या एका गुणाकारावरून येतो.

तोलोलिंगजवळ २८ मे १९९९ ला पाडलेल्या एमआय-१७ ची नोंद याच पद्धतीने वाचा. खातं पहिलं: खांद्यावरून सोडलेलं स्टिंगर क्षेपणास्त्र, चार जण गेले. पण कारणाच्या रकान्यात एवढंच लिहिलं तर नोंद अर्धी राहते. त्या हेलिकॉप्टरवर उष्णतेचा पाठलाग करणाऱ्या क्षेपणास्त्राला चकवणारे फ्लेअर नव्हते. त्या घटनेनंतर हल्ल्याच्या कामातून एमआय-१७ बाजूला केली गेली. क्षेपणास्त्र, साधनाचा अभाव आणि कामाची निवड, या तिन्हींना स्वतंत्र ओळ द्या.

दुसरी गोष्ट स्वतःच्याच हवेत बसणं. कमी वेगात, मिनिटाला ३०० फुटांहून जास्त वेगाने, इंजिनची ताकद लावून सरळ खाली येताना पंखा आपल्याच खाली ढकललेल्या हवेत सापडतो. ताकद वाढवली की घसरण थांबत नाही, वाढते. साक्षीदार सांगतात "इंजिन गर्जत होतं आणि तरी खाली आलं". अशी साक्ष आली तर गोळी शोधण्याआधी हे तपासा. उलट "गरागरा फिरत आलं" असं असेल तर शेपटीचा पंखा, त्याचा दांडा किंवा गिअरबॉक्स.

धूळ आणि बर्फ यांचं वेगळं पान हवं. फॉकलंडच्याच युद्धात, १९८२ च्या एप्रिलमध्ये, दक्षिण जॉर्जियातल्या फॉर्चुना हिमनदीवर दोन वेसेक्स उडत्या बर्फाच्या पांढऱ्या अंधारात कोसळली. शत्रू जवळपासही नव्हता. १९८० च्या इराणमधल्या अमेरिकी मोहिमेत आठ आरएच-५३ हेलिकॉप्टरं निघाली, किमान सहा हवी होती. एकाच्या पात्यात तडा असल्याचा इशारा आला, एक धुळीतून परतलं, एकाचं हायड्रॉलिक बिघडलं. उरली पाच. पात्याचा तो इशारा समजून घेण्यासारखा आहे: पातं पोकळ असतं, आत नायट्रोजन दाबाने भरलेला, दाब घटला की निशाण बदलतं. दाब घटणं म्हणजे तडाच असं नव्हे, सील गळलं तरी तेच दिसतं. अपघाताच्या नोंदीत "पात्याचा इशारा" आणि "पातं तुटलं" ही वाक्यं एकमेकांच्या जागी लिहिलेली सापडतात.

समुद्रावरच्या हेलिकॉप्टरांसाठी मीठ. पाण्याजवळ थांबून उडताना उडालेले तुषार कॉम्प्रेसरच्या पात्यांवर सुकतात, हवेचा प्रवाह बिघडतो, इंजिन तापतं आणि दचकतं. म्हणून गोड्या पाण्याने धुणं हे रोजचं काम. सी किंगमध्ये दोन नोम इंजिनं आहेत, एक गेलं तरी सहसा उडता येतं, पण वजन जास्त आणि वारा नसेल तर नाही. अपघाताच्या दिवशी वारा किती होता, हे हवामानाच्या नोंदीतून काढाच.

आणि रात्र. १९ मे १९८२ ला, फॉकलंडच्याच युद्धात, हर्मीस या ब्रिटिश जहाजावरून इंट्रेपिड या जहाजाकडे सैनिक नेणारं सी किंग अंधारात समुद्रात गेलं, २२ जण गेले. पक्षी आदळल्याची शक्यता सांगितली गेली, ती सिद्ध झाली नाही. इथे कारणाचा रकाना "शक्यता" असाच ठेवायचा. हेलिकॉप्टरचं इंजिन आणि गिअरबॉक्स वर असल्याने ते पाण्यात पडताच उलटं होतं, म्हणून कोसळणं आणि माणसं दगावणं ही दोन कारणं वेगळी लिहा. कोसळण्यातून वाचलेले उलटल्यावर दार न सापडल्याने जातात.

कागद मागताना

माहिती अधिकार कायदा २००५ खाली अर्जाचं शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. नौदलासाठी अर्ज दिल्लीच्या मुख्यालयातल्या माहिती अधिकाऱ्याकडे. "संपूर्ण इतिहास द्या" असं लिहिलं की नकार नक्की. "अमुक क्रमांकाचं हेलिकॉप्टर कोणत्या तारखेला सेवेतून काढलं" असा एका वाक्याचा प्रश्न विचारा. नकार आला तर कलम ८(३) पाहा: वीस वर्षांपूर्वीच्या घटनेला बरीचशी बंधनं लागत नाहीत, सुरक्षेचं मात्र लागतं. सध्या सेवेतल्या हेलिकॉप्टरांच्या तैनातीबद्दल विचारू नका आणि कळलं तरी छापू नका. मृतांची नावं अधिकृत यादीत असतील तशीच लिहा, घरच्यांचे पत्ते वहीबाहेर ठेवा.

२०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धाच्या नोंदी साधारण २५ वर्षांत खुल्या करण्याचं धोरण आखलं. तक्त्यात एक शेवटचा रकाना घाला, "पुन्हा विचारायचं वर्ष". बडगामच्या ओळीपुढे तिथे २०४४ येईल. कारगिलच्या ओळीपुढे २०२४ येतं, म्हणजे तो अर्ज आता टाकायचा.