नवीन हॅन्डहेल्डची घोषणा बघून मूड गेला? मग घ्यायचा की थांबायचं हे असं ठरवा

नवीन हॅन्डहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचा गेम कन्सोल, जाहीर झाला की पहिले दोन-तीन दिवस नुसती रडारड असते, किंमत बघा, स्क्रीन बघा, बॅटरी बघा, तोंडाला पानं पुसली आमच्या वगैरे, आणि मग तीच मंडळी प्रीऑर्डर कुठे चालू झालीये ते विचारत फिरतात. निन्टेंडो स्विच २ चं अगदी हेच झालं. २ एप्रिल २०२५ ला आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला त्यांचा डायरेक्ट, म्हणजे घोषणांचा ऑनलाइन कार्यक्रम, चालू झाला, तासभर मारिओ कार्ट, डाँकी काँग, मेट्रॉइड सगळं दाखवून झालं पण किंमत काही तोंडातून निघाली नाही, ती नंतर वेबसाईटवर सापडली, ४४९.९९ डॉलर, आणि मारिओ कार्ट वर्ल्ड हा एकटा गेम ७९.९९ डॉलर. दुसऱ्या दिवशी त्यांनी गेम खेळून दाखवायचा लाइव्ह ठेवला तर चॅटमध्ये 'ड्रॉप द प्राइस, ड्रॉप द प्राइस' असा नुसता धो धो पाऊस. आणि ५ जूनला विक्री सुरू झाली तर पहिल्या चार दिवसांत ३५ लाखांपेक्षा जास्त कन्सोल गेले. चॅटमधला राग आणि लोकांचं पाकीट ह्यांची फारशी ओळख नसते.

त्यामुळे असं करा. घोषणेनंतर दोन दिवस काहीच ठरवू नका, फोनच्या नोट्समध्ये तुम्हाला जे जे खटकलंय ते लिहून काढा, तुम्हाला हां, यूट्यूबवाल्याला नाही. मग प्रत्येकापुढे एकच प्रश्न टाका, हे नंतर सुधारू शकतं की डब्यात कायमचं बसलंय? अपडेटने सुधारणारं, वेळेने सुधारणारं आणि कधीच न सुधारणारं, एवढे तीन ढीग झाले की अर्धं काम झालं. आता स्विच २ घेऊनच दाखवतो, पद्धत कुठल्याही कन्सोलला चालते.

कधीच न सुधारणाऱ्या ढिगात सगळ्यात वर स्क्रीन. ७.९ इंच, १०८०पी, १२० हर्ट्झ, कागदावर एकदम भारी, पण आहे साधी एलसीडी, आणि २०२१ च्या स्विचमध्ये ह्याच कंपनीने ओएलईडी दिलेली होती, जिच्यात काळा रंग खराखुरा काळा दिसतो. ओएलईडी वापरून आलेल्या माणसाला इथला काळा रंग राखाडी दिसतो, आणि ज्यांनी स्क्रीन मोजून बघितल्या त्यांनी सांगितलं की पिक्सेल रंग बदलायला वेळ लावतात त्यामुळे जोरात हलणाऱ्या सीनमध्ये मागे धुरकट शेपूट राहते. हे कुठल्या अपडेटने जाणार नाही. पण तुम्ही जर ९० टक्के वेळ टीव्हीला लावून खेळणार असाल तर ही तक्रार तुमची नाहीच, ती यादीतून खोडा. उलट तुमची तक्रार वेगळी आहे, व्हीआरआर, म्हणजे गेमच्या वेगाप्रमाणे स्क्रीनने आपला वेग जुळवून घेणं, टीव्हीवर चालत नाही, फक्त हातातल्या स्क्रीनवर चालतं. आधी वेबसाईटवर टीव्हीवरही चालेल असं लिहिलेलं, मग ती ओळ काढली आणि चुकीची माहिती होती म्हणून सॉरी म्हणाले. म्हणून घोषणेच्या दिवशीचं स्पेक पान वाचून झाल्यावर एका महिन्याने परत वाचा, कंटाळा आला तरी.

बॅटरीत तर उलटी गंमत आहे. २०२१ च्या ओएलईडी मॉडेलमध्ये ४३१० एमएएच बॅटरी आणि कंपनीचा आकडा साडेचार ते नऊ तास, स्विच २ मध्ये ५२२० एमएएच आणि आकडा दोन ते साडेसहा तास. बॅटरी मोठी झाली पण आतली चिप त्याहून खादाड. आता हा आकडा तुमच्या दिवसात बसवून बघा. रोज कर्जतवरून सीएसएमटीला लोकलने जाणाऱ्याचे जाऊन-येऊन चार-सव्वाचार तास होतात, बसायला मिळालं तर, आणि जड गेम लावला तर दोन तासांत म्हणजे एका बाजूलाच बोंब, पॉवर बँक गळ्यात बांधूनच फिरायचं. घरी सोफ्यावर चार्जर लावून खेळणाऱ्याला ह्याने काडीचा फरक पडत नाही. एक करा, सेटिंगमध्ये चार्जिंग ९० टक्क्यांच्या आसपास थांबवायचा ऑप्शन आहे तो पहिल्याच दिवशी चालू करा, कारण बॅटरी आत चिकटवलेली आहे आणि गॅजेट खोलून दुरुस्तीला किती सोपं ते सांगणाऱ्या आयफिक्सिटने खोलून बघितल्यावर दुरुस्तीला १० पैकी ३ मार्क दिलेत.

तिसरं म्हणजे अंगठ्याने फिरवायची स्टिक. जुन्या जॉय-कॉनचा, म्हणजे स्विचच्या दोन बाजूंना लागणाऱ्या कंट्रोलरचा, ड्रिफ्ट ज्याने भोगलाय त्याला सांगायला नको, आपण हात लावलेला नाही आणि मारिओ आपला आपला डावीकडे चाललाय. सगळ्यांना वाटलेलं ह्यावेळी हॉल इफेक्ट स्टिक येतील, म्हणजे आत चुंबकावर चालणारा सेन्सर, काही घासत नाही त्यामुळे झिजत नाही. नाही दिल्या. स्टिक नवीन डिझाइनच्या आहेत, मोठ्या आहेत, पण तत्त्व तेच घासणारं. आणि इथे आपली अडचण अमेरिकेतल्या माणसापेक्षा मोठी आहे कारण निन्टेंडो भारतात अधिकृतपणे विकतच नाही, मग सर्व्हिस सेंटर कुठून येणार. ड्रिफ्ट आला तर मोबाईल रिपेअरवाला किंवा नवीन जोडी, जिची अमेरिकेतली किंमत विक्री सुरू झाली तेव्हा ९४.९९ डॉलर होती. म्हणजे हा मुद्दा बाकीच्यांनी 'ठीक आहे' मध्ये टाकला असला तरी आपण 'कायमचं' मध्येच टाकायचा आणि बजेटमध्ये एका जोडीचे पैसे आधीच धरायचे.

बजेटवरून आठवलं, घोषणेच्या दिवशी फक्त कन्सोलची किंमत बघू नका, इथे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो. आत २५६ जीबी जागा आहे, ती भरली की मायक्रोएसडी एक्सप्रेस कार्डच लागतं, घरात पडलेलं जुनं कार्ड घातलं तर त्यावरून फक्त जुने फोटो-व्हिडिओ घेता येतात, गेम ठेवता येत नाहीत. एक्सप्रेस कार्ड साध्यापेक्षा बरंच महाग. प्रो कंट्रोलर वेगळा. खेळता खेळता मित्रांशी बोलायच्या गेमचॅटला ऑनलाइन मेंबरशिप. कन्सोलची ओळख करून देणारा वेलकम टूर सुद्धा ९.९९ डॉलरला विकत, जे अगदीच कद्रूपणाचं आहे, हे खरंतर डब्यासोबत फुकट यायला हवं होतं. मारिओ कार्ट हवाच असेल तर बंडल मिळतो का बघा, २०२५ मध्ये ४९९.९९ चा होता, त्यात गेम ५० डॉलरला पडायचा, तीस वाचायचे.

गेम कार्डांचं नीट समजून घ्या कारण दुकानात फसायला होतं. बऱ्याच कंपन्या गेम-की कार्ड काढतायत, म्हणजे डब्यात कार्ड असतं पण कार्डात गेम नसतो, फक्त चावी असते, गेम नेटवरून डाउनलोड करायचा आणि वर खेळताना कार्ड आत लागतंच. डब्याच्या पुढच्या बाजूला खाली पांढऱ्या पट्टीत चावीचं चित्र असतं ते बघा. स्ट्रीट फायटर ६ असा आहे, सायबरपंक मात्र पूर्ण कार्डात आहे. गेम-की कार्ड विकता येतं, मित्राला देता येतं, एवढं बरं आहे, पण हॉस्टेलचं किंवा गावाकडचं नेट असेल तर पन्नास-साठ जीबीचा गेम उतरवताना जीव जातो.

आता वेळेने सुधारणारा ढीग. गेमची यादी ह्यात येते, घोषणेला नेहमी बारीकच दिसते, नंतर भरते. जुन्या गेमचे अपडेट पण ह्यातच, मारिओ ओडिसी आणि पोकेमॉन स्कार्लेट-व्हायोलेटला फुकट अपडेट मिळाले आणि आधी अडखळणारा पोकेमॉन एकदम लोण्यासारखा चालायला लागला, झेल्डासाठी मात्र पैसे घेतले. किंमत ह्या ढिगात टाकायची सवय सोडा. लोक अजून निन्टेंडोच्याच जुन्या हॅन्डहेल्डचं, ३डीएसचं, उदाहरण देतात, २०११ च्या मार्चमध्ये २४९.९९ डॉलर आणि ऑगस्टमध्ये थेट १६९.९९, ज्यांनी आधी घेतला त्यांची समजूत काढायला २० जुने गेम फुकट दिले. पण ती वेळ वेगळी होती, तेव्हा माल विकलाच जात नव्हता. पहिला स्विच आठ वर्षं अमेरिकेत २९९.९९ वरच राहिला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये उलटा ३३९.९९ झाला. स्वस्त होईल म्हणून थांबणार असाल तर थांबू नका, दुसऱ्या कुठल्या कारणासाठी थांबा.

अपडेटने सुधारणाऱ्यात एक मेख आहे, सुधारणा आपल्या देशात येते का ते बघायचं. सोनीचा हॅन्डहेल्ड प्लेस्टेशन पोर्टल जाहीर झाला तेव्हा सगळे हसले, स्वतः एक गेम चालवत नाही, घरात पीएस५ आणि चांगलं वायफाय पाहिजे. नंतर त्यात क्लाउड स्ट्रीमिंग आलं, म्हणजे गेम सोनीच्या सर्व्हरवर चालतो, पीएस५ चालू नसला तरी खेळता येतं, बाहेरच्या लोकांचं मत पालटलं. पण ते सोनीच्या वरच्या मेंबरशिपवाल्यांना, पीएस प्लस प्रीमियमवाल्यांना, आणि भारतात प्रीमियमच्या जागी डिलक्स प्लॅन आहे ज्यात क्लाउड नाहीच. परदेशी रिव्ह्यू वाचून घेतला (२०२४ मध्ये आपल्याकडे १८,९९० ला आला होता) तर हातात येणार तोच जुना रिमोट प्ले, म्हणजे घरच्या पीएस५ वरचा गेम वायफायवरून.

परदेशातून मागवणाऱ्यांनी एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा. जपानमध्ये स्विच २ दोन प्रकारचा विकतात, २०२५ मध्ये विक्री सुरू झाली तेव्हा एक ४९,९८० येनचा आणि दुसरा ६९,९८० येनचा होता. स्वस्तवाला बघून, अरे आपल्याला कितीतरी कमीत पडतो, म्हणून टोकियोच्या दादाला लगेच मेसेज करू नका, त्यात फक्त जपानी भाषा आहे आणि फक्त जपानचं अकाउंट जोडता येतं. महागडा घ्या नाहीतर अमेरिका-दुबईवरून आणा. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानात किंवा ऑनलाइन इम्पोर्टवाल्याकडे घेताना कुठल्या देशाचा पीस आहे ते बिलावर लिहून घ्या, 'वॉरंटी दुकानाची' म्हणाला तर किती महिने आणि जॉय-कॉन त्यात धरलेत का ते पण.

मग कोणी घ्यायचा? ज्याच्याकडे स्विच नाहीच त्याने कायमच्या ढिगात आपल्या कामाचं एक-दोनच राहिलं असेल तर बिनधास्त घ्यावा, जुने गेम पण चालतात जवळपास सगळे. ज्याच्याकडे ओएलईडी आहे आणि हातातच खेळतो त्याने माझ्या मते पुढच्या मॉडेलपर्यंत कळ काढावी. ही कंपनी तेच मशीन सुधारून परत काढतेच, पहिला स्विच २०१७ ला आला, २०१९ मध्ये त्याच किमतीत बॅटरी अडीच-साडेसहा तासांवरून साडेचार-नऊ तासांवर गेली, २०२१ ला ओएलईडी आली. फक्त तेव्हा दुकानात जाल तर डबा हातात घेऊन मॉडेल नंबर तपासा, २०१९ मध्ये नवा डबा पूर्ण लाल होता आणि कितीतरी ठिकाणी शेजारी त्याच भावात जुनाच विकायला ठेवलेला असायचा.